हा आटा कुणाचा? न बसणाऱ्या स्क्रूची गोष्ट

हा आपल्या भागाचा लेखी अवतार. ऐकताना आकडे भरभर निघून जातात आणि आज आकडे जरा जास्तच आहेत, म्हणून ते इथे नीट लिहून काढलेत. सावकाश वाचा.

आज सुरुवात समोरच्या माइकपासूनच करू. माझा माइक ज्या स्टँडवर बसलाय, त्याच्या टोकाला एक छोटी पितळी रिंग आहे. आतूनही आटे, बाहेरूनही आटे. माइकच्या डब्यात ती येते आणि बहुतेक जण ती पहिल्याच आठवड्यात हरवतात. ती कशाला लागते? माइकच्या क्लिपमधले आटे अमेरिकन मापाचे असतात: ५/८ इंच व्यास आणि एका इंचात २७ आटे. स्टँडचं टोक मात्र युरोपात चालणारं: ३/८ इंच व्यास, इंचाला १६ आटे. दोघांचं जमत नाही, म्हणून मध्ये रिंग.

आता तुमच्या फोनच्या ट्रायपॉडकडे बघा. वर जो स्क्रू आहे तो पाव इंच व्यासाचा आणि इंचाला २० आट्यांचा. फोन कोरियाचा असो की चीनचा, कॅमेरा जपानचा असो, खालचा स्क्रू तोच. सगळं जग मिलिमीटरमध्ये चालतं आणि हा एक स्क्रू इंचात. पाव इंचाला वीस आटे हे प्रमाण मांडलं गेलं १८४१ साली, इंग्लंडमध्ये. म्हणजे रील शूट करताना तुम्ही बोटांनी जे फिरवता ते माप पावणेदोनशेहून जास्त वर्षं जुनं आहे.

हा विषय का काढला ते सांगतो. माझ्या आजोबांचा एक जुना ॲमीटर होता. इंग्लंडमध्ये बनलेला, काळ्या बॅकेलाइटचा, काचेखाली बारीक सुई आणि वर दोन पितळी टर्मिनल. त्यातल्या एका टर्मिनलचा स्क्रू हरवलेला होता. मी हार्डवेअरच्या दुकानातून ५ मिलिमीटरचा स्क्रू आणला. हाताने एक फेरा गेला आणि अडला. मला वाटलं, आत गंज असेल, मळ असेल. पक्कड लावली. गेला की हो आत! आणि तीन फेऱ्यांनंतर एकदम सैल फिरायला लागला. बाहेर काढला तर स्क्रूला पितळेचा भुगा चिकटलेला. ऐंशी-नव्वद वर्षं टिकलेले आटे मी अर्ध्या मिनिटात खाल्ले.

आता मागे जाऊ. अठराशेच्या आसपासचं इंग्लंड. वाफेची इंजिनं आहेत, गिरण्या आहेत, पण नट आणि बोल्ट मात्र जोडीने बनायचे. या बोल्टाचा हाच नट. दुसऱ्याचा लावला तर बसेलच असं नाही. मशीन खोललं की कुठला नट कुठल्या बोल्टाचा हे खुणा करून ठेवावं लागे. हेन्री मॉड्सले नावाच्या लंडनच्या कारागिराने अचूक आटे पाडणारा लेथ तयार केला आणि निदान त्याच्या कारखान्यात तरी एकसारखे आटे निघायला लागले. पण शेजारच्या कारखान्यात वेगळेच.

याच मॉड्सलेकडे जोसेफ व्हिटवर्थ हा तरुण काम करून गेला. जन्म १८०३ चा, गाव स्टॉकपोर्ट. पुढे १८३३ मध्ये मँचेस्टरला त्याने स्वतःचं दुकान टाकलं. त्याने केलेली गोष्ट मला फार आवडते, कारण ती अगदी साधी आहे. त्याने खोलीत बसून आदर्श आटा शोधला नाही. देशभरातल्या कारखान्यांमधून बोल्ट गोळा केले, मोजले आणि सरासरी काढली. आट्याच्या दोन उतारांमधला कोन ५५ अंश आला, तोच ठेवला. टोकं आणि खाचा गोलसर ठेवल्या. कुठल्या व्यासाला इंचात किती आटे, याचा तक्ता केला: पाव इंचाला २०, ५/१६ ला १८, ३/८ ला १६, अर्ध्या इंचाला १२, पूर्ण इंचाला ८. आणि १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे हे वाचून दाखवलं.

(इथे एक सांगून टाकतो, पुढे उपयोगी पडेल. आपल्याकडचे जुने फिटर इंचाचे आठ भाग धरतात आणि एका भागाला सूत म्हणतात. पाव इंच म्हणजे दोन सूत, ३/८ म्हणजे तीन सूत, ५/१६ म्हणजे अडीच सूत. बांधकामावर ‘तीन सुती, चार सुती सळई’ हे शब्द कानावर आले असतील, ते हेच.)

रेल्वे कंपन्यांनी हे माप उचललं आणि रेल्वे जिथे गेली तिथे ते गेलं. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश नौदलाला गनबोटींसाठी वाफेची इंजिनं घाईने हवी होती. ९० दिवसांत ९० इंजिनं उभी राहिली असं सांगतात. सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत वाटून दिले आणि परत आणून जोडले. आटे जुळले नसते तर हे झालंच नसतं. मुंबईच्या गिरण्यांसाठी लँकेशायरहून यंत्रं आली, रेल्वेची इंजिनं आली, तेव्हा त्यांच्या पोटात हाच ५५ अंशांचा आटा होता. म्हणूनच पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एखादा जुना इंग्लिश व्हाइस, हातड्रिल किंवा पंप हातात आला, तर पहिला संशय व्हिटवर्थवर घ्यायचा.

मग अमेरिकेने हेच का नाही घेतलं? फिलाडेल्फियाचा विल्यम सेलर्स हा स्वतः मशीन बनवणारा माणूस. १८६४ मध्ये तिथल्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये तो म्हणाला की व्हिटवर्थचा गोल टोकाचा आटा बनवायला फार कटकट आहे. तीन प्रकारची कटर लागतात, दोन लेथ लागतात. आणि ५५ अंशांचा कोन तपासायला अवघड. त्यापेक्षा ६० अंश घ्या, म्हणजे समभुज त्रिकोण, शाळेतल्या पोरालाही काढता येईल. टोकं सपाट कापा. एक कटर, एक लेथ, संपलं. सेलर्सचं बरोबर होतं असं मला वाटतं. चांगल्या कारागिराला जमेल असं माप व्हिटवर्थने दिलं, आणि साध्या कामगाराला जमेल असं सेलर्सने.

पण जुनी वस्तू दुरुस्त करणाऱ्याचा घात इथेच होतो. पाव इंच? दोघांचेही २० आटे. ५/१६? दोघांचेही १८. ३/८? दोघांचेही १६. कोन वेगळा असला तरी हे एकमेकांत जातात, घट्टसुद्धा होतात. माणसाला वाटतं, सगळं एकच आहे. आणि मग अर्धा इंच येतो. व्हिटवर्थचे १२ आटे, सेलर्सचे १३. पहिला फेरा छान जातो, दुसरा जड जातो, तिसऱ्याला अडकतं. ‘जरा तेल टाक आणि जोर लाव’ म्हणणारा कुणीतरी शेजारी उभा असतोच. त्याचं ऐकलं की नट गेला आणि बोल्टही गेला.

म्हणजे ओळख पटवायला तीन गोष्टी लागतात: बाहेरचा व्यास, दोन आट्यांमधलं अंतर आणि कोन. पहिल्या दोन जुळल्या म्हणून तिसरी जुळेल असं धरायचं नाही.

आता पान्यांकडे येऊ, कारण बुलेटवाल्यांचा खरा राग तिथे असतो. आजच्या पान्यावर १३ लिहिलंय म्हणजे बोल्टच्या डोक्याची रुंदी १३ मिलिमीटर. व्हिटवर्थ पान्यावर मात्र डोक्याचं माप नसतं, बोल्टच्या दांडीचा व्यास असतो. १/४ लिहिलेला पाना हातात घ्या, त्याचं तोंड पाव इंच नाहीच, ०.५२५ इंच आहे. म्हणजे साधारण १३.३ मिलिमीटर. आपल्या पेटीतला १३ चा पाना चढत नाही. १४ चा चढतो, सैल चढतो आणि षटकोनाचे कोपरे गोल करून ठेवतो. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या गाड्यांचे बोल्ट असे गोल झालेले दिसतात, ते याच १४ च्या पान्याचं काम.

त्यात भर म्हणजे १९०८ मध्ये इंग्रजांनी त्याच ५५ अंशांत बारीक आट्यांची मालिका आणली, बीएसएफ. मोटारीच्या हादऱ्यांनी जाड आटे सुटायचे, म्हणून पाव इंचाला २६, ५/१६ ला २२, ३/८ ला २०. याचं डोकं एक माप लहान. म्हणून एकाच पान्यावर दोन आकडे: १/४ व्हिटवर्थ आणि ५/१६ बीएसएफ. तोंड एकच, नावं दोन. असा पाना जुन्या बाजारात दिसला तर सोडू नका.

सायकलवाल्यांनी आणखी वेगळा संसार मांडला. १९०२ मध्ये तिथल्या सायकल इंजिनिअर्सच्या संस्थेने ६० अंशांचे आटे ठरवले आणि बहुतेक सगळ्या मापांना इंचात २६ आटे. व्यास कुठलाही असो, आटे २६. सायकलच्या पातळ नळीत खोल आटे पाडायला जागाच नसते, त्यामुळे हे शहाणपणाचं होतं. पुढे सायकलच्या कारखान्यांनी मोटारसायकली काढल्या आणि हे आटे सोबत नेले. म्हणून जुन्या ब्रिटिश घडणीच्या बुलेटमध्ये व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सायकलचे आटे असे तिघे एकत्र नांदतात. ३/८ चा एक बोल्ट १६ आट्यांचा, दुसरा २० चा, तिसरा २६ चा. खोलताना सगळे एका डब्यात टाकलेत की रविवार गेला म्हणून समजा.

आपल्याकडच्या गॅरेजची गंमत बघा. १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. तिचे आटे अमेरिकन, इंचातले, ६० अंशांचे. १९५० च्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट यायला लागली. ती इटालियन, म्हणजे मिलिमीटर. आणि १९५५ पासून मद्रासला बुलेट, म्हणजे ब्रिटिश. एकाच गल्लीत तीन गाड्या दुरुस्तीला उभ्या राहिल्या तर मेस्त्रीला पान्यांचे तीन संच लागणार. हाताखालच्या पोराने योग्य पाना आणून दिला तर तो शिकला, नाहीतर मेस्त्रीच्या शिव्या. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने देश दशमान पद्धतीकडे वळला, १९५७ मध्ये नवे पैसे आले, पण गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांचे आटे काही कायद्याने बदलले नाहीत.

सगळ्यात भन्नाट प्रकरण मॉरिस गाड्यांचं. यावर जरा थांबतो.

हॉचकिस ही फ्रेंच शस्त्रं बनवणारी कंपनी, कारखाना पॅरिसजवळ. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजा पॅरिसकडे सरकायला लागल्यावर कंपनीने इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला कारखाना थाटला. मशीन्स फ्रेंच पद्धतीची, मिलिमीटरची. युद्ध संपलं, मशीनगनचं गिऱ्हाईक गेलं, मग त्यांनी विल्यम मॉरिसच्या मोटारींसाठी इंजिनं बनवायला घेतली. मशीन्स तीच असल्यामुळे आटे मिलिमीटरमध्येच पडणार. लेथवर आट्याचं अंतर ठरतं ते त्याच्या लीडस्क्रूवर आणि गिअरवर. (इंची लेथवर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे असतील तर १२७ दात्यांचं चाक लागतं, कारण २५.४ गुणिले ५ म्हणजे १२७. जुन्या लेथसोबत १२७ चं चाक मिळालं तर त्या मालकाला दोन्ही भाषा येत होत्या असं समजा.)

पण मॉरिसच्या गाड्या दुरुस्त करणार इंग्लंडमधले मेकॅनिक, आणि त्यांच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे. मग तोडगा काय निघाला? आटे फ्रेंच, डोकं इंग्लिश. बोल्टच्या दांडीवर मिलिमीटरचे आटे आणि वरचा षटकोन व्हिटवर्थ पान्याच्या मापाचा. मॉरिसने १९२३ मध्ये तो कारखानाच विकत घेतला, तरी पद्धत चालू राहिली. एमजीच्या प्रसिद्ध टी मालिकेच्या गाड्यांमध्ये ती १९५५ पर्यंत होती.

आता त्या गाडीवर काम करणाऱ्याची स्थिती बघा. गाडी इंग्लिश. पाना व्हिटवर्थचा, अगदी घट्ट बसतो. म्हणजे बोल्ट ५/१६ बीएसएफ असणार. व्यास मोजला तर ८ मिलिमीटरच्या आसपास, आणि ५/१६ इंच म्हणजे ७.९४. जुळलं! पण बीएसएफच्या दोन आट्यांमधलं अंतर १.१५ मिलिमीटर आणि या फ्रेंच बोल्टचं बरोबर १ मिलिमीटर. चार फेरे जातात आणि अडतं. दुकानातला आजचा ८ चा बोल्ट आणला तर त्याचं अंतर १.२५, तोही अडतो. डोकं बघून आटा ओळखायचा नाही, हे या इंजिनांनी शिकवलं आणि त्याची फी कितीतरी लोकांनी सिलिंडर ब्लॉकच्या रूपात भरली.

आजीच्या शिलाई मशीनकडे वळू. सिंगर कंपनी सुरू झाली १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला, सेलर्सच्या आधी. आणि सेलर्सचा तक्ता पाव इंचापासून वरचा, त्याखालच्या बारीक स्क्रूंना वालीच नव्हता. सिंगरने आपले आटे आपण ठरवले आणि जगभर लाखो मशीन्स विकून ते रूढही केले. लोक म्हणतात की दुसऱ्याचे सुटे भाग बसू नयेत म्हणून मुद्दाम केलं. मला तसं वाटत नाही. एकदा कारखान्यात गेज आणि टॅप तयार झाले की ते बदलण्याचा खर्च कुणाला हवा असतो? त्या मापांतलं एक आजही शिलाई मशीनच्या सुट्या भागांच्या याद्यांमध्ये सापडतं: ९/६४ इंच व्यास, इंचाला ४० आटे. मिलिमीटरमध्ये ३.५७ व्यास, ०.६३५ अंतर. आता याच्या शेजारी उभे असणारे दोघे बघा. दुकानात मिळणारा ३.५ मिलिमीटरचा स्क्रू, अंतर ०.६. आणि जुन्या इंग्लिश रेडिओतला एक स्क्रू, ३.६ व्यास, अंतर ०.६६. डोळ्यांना तिघे सख्खे भाऊ.

यांना वेगळं कसं करायचं? एका आट्याचं अंतर मोजायचंच नाही, दहाचं मोजायचं. पहिल्याचे दहा आटे ६.३५ मिलिमीटरमध्ये बसतात, दुसऱ्याचे ६ मध्ये, तिसऱ्याचे ६.६ मध्ये. फरक दहापट झाला, आता तो स्टीलच्या पट्टीवरही दिसतो.

तो रेडिओतला भाऊ कोण, ते सांगायचं राहिलं. माझ्या ॲमीटरचा गुन्हेगारही त्याच घरातला. १८७८ च्या सुमारास जिनिव्हाच्या मार्क थ्यूरी नावाच्या प्राध्यापकाने घड्याळांच्या देशातल्या बारीक स्क्रूंचा अभ्यास करून एक मालिका बांधली. ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने १८८४ मध्ये ती स्वीकारली, म्हणून नाव बीए. रचना फार सुंदर आहे. शून्य नंबरचा स्क्रू ६ मिलिमीटर व्यासाचा, अंतर १ मिलिमीटर. पुढच्या प्रत्येक नंबराचं अंतर आधीच्याच्या नऊ-दशांश: ०.९, मग ०.८१, मग ०.७३. नंबर वाढतो तसा स्क्रू बारीक होतो. कोन मात्र साडेसत्तेचाळीस अंश, म्हणजे आटा टोकदार आणि उभट. इंग्रजांच्या देशात मिलिमीटरवर बेतलेली मालिका! आणि टेलिफोन, तारखातं, रेडिओ, विजेची मोजमाप यंत्रं या सगळ्यांत ती शंभर वर्षं चालली.

आता हिशोब करा. २ नंबरचा बीए स्क्रू: व्यास ४.७, अंतर ०.८१. मी आणलेला ५ मिलिमीटरचा स्क्रू: अंतर ०.८. अंतर जवळजवळ तेच, म्हणून पहिला फेरा इतका गोड गेला. व्यास ०.३ ने जास्त, म्हणून अडला. आणि पितळ मऊ, म्हणून जोर लावल्यावर माझ्या स्क्रूने आजोबांचे आटे सोलून काढले. शून्य नंबर असता तर याहून फसवं झालं असतं. तो आणि आजचा ६ चा स्क्रू, दोघांचा व्यास तोच, अंतर तेच, फरक फक्त कोनात. बसतो आणि बसलेला वाटतो. पण आट्यांचे उतार एकमेकांवर नीट टेकत नाहीत.

न जुळणाऱ्या आट्यांनी फक्त ॲमीटर बिघडत नाहीत. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर शहराला आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावून आले. पण त्यांच्या होसपाइपची तोंडं बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. आटे वेगळे. पाणी आहे, पंप आहेत, माणसं आहेत, आणि जोड बसत नाही. दीड हजारांवर इमारती जळाल्या.

दुसऱ्या महायुद्धात हीच डोकेदुखी फौजांच्या मापाची झाली. रोल्स-रॉइसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतलं. पॅकार्डने आटे अमेरिकन केले असते तर ब्रिटनमधल्या इंजिनात ते भाग चाललेच नसते. मग त्यांनी अमेरिकेत बसून व्हिटवर्थ, बीएसएफ आणि बीएचे टॅप-डाय स्वतः तयार केले आणि तेच आटे पाडले. युद्धानंतर १८ नोव्हेंबर १९४८ ला अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये एक समान आटा मान्य केला. कोन ६० अंशांचा, म्हणजे सेलर्स जिंकला. आणि खाच गोलसर चालेल, म्हणजे व्हिटवर्थची थोडी लाज राखली. ब्रिटनमध्ये आधीच्या मशीन्स तशाच राहिल्या, नव्या या मापाच्या आल्या, आणि १९६५ नंतर तोही देश मिलिमीटरकडे निघाला. म्हणून १९५० च्या दशकातली ब्रिटिश वस्तू असेल तर फार सावध राहायचं. एकाच यंत्रात दोन पिढ्या सापडू शकतात.

आणि व्हिटवर्थ मेला असं समजू नका. बाथरूममध्ये जा. अर्धा इंची नळाचे आटे मोजा. बाहेरून जवळजवळ २१ मिलिमीटर भरतील, अर्धा इंच म्हणजे १२.७ कुठेच नाही. कारण नाव जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या भोकावरून पडलंय. इंचाला १४ आटे, कोन ५५. अमेरिकेत राहणाऱ्या भावाने हौसेने आणलेला शॉवर इथे गळतो, कारण तिथल्या अर्ध्या इंचालाही १४ च आटे, पण कोन ६०. टेफ्लॉन टेप गुंडाळून गुंडाळून माणूस थकतो.

तर आता तुमच्या हातात एखादी जुनी वस्तू आहे आणि एक स्क्रू हरवलाय. काय कराल? दुकानात जाऊ नका, आधी शेजारचा स्क्रू काढा. जो टिकलाय तोच साक्षीदार. त्याला ब्रशने साफ करा, आट्यात मळ असेल तर माप चुकतं. व्हर्निअरने बाहेरचा व्यास घ्या. तो नावाच्या मापापेक्षा किंचित कमीच येतो, त्यामुळे ४.६५ आलं तर ४.७ चा विचार करा, ४.५ चा नाही. मग दहा आट्यांचं अंतर. स्क्रू आखूड असेल तर पाचाचं घ्या. फोनचा मॅक्रो मोड इथे फार कामाचा: स्क्रू स्टीलच्या पट्टीला चिकटवून ठेवा, फोन अगदी समोर धरा, फोटो काढा आणि झूम करून मोजा. तिरका फोटो काढलात तर आकडा तिरकाच येणार. आलेल्या अंतराने २५.४ ला भागा. उत्तर १६, २०, २६ असं पूर्ण आलं तर इंची घराणं, आणि अंतरच १ किंवा १.२५ असं सरळ असेल तर मिलिमीटरचं. दोन्हीकडे जुळत नसेल आणि वस्तू विजेची किंवा मोजमापाची असेल, तर बीए तपासा.

कोनासाठी आटे मोजायच्या पात्यांचा जुडगा मिळतो, पिच गेज म्हणतात. ५५ चा वेगळा, ६० चा वेगळा. पातं आट्यांवर ठेवून मागून उजेड धरायचा. उजेडाची रेघ दिसली की तो आटा त्या पात्याचा नाही. गेज नसेल तर ओळखीचा बोल्ट त्याच्यावर आडवा टेकवून बघा. दोन्हींचे आटे एकमेकांत शेवटपर्यंत रुतले पाहिजेत.

बसवताना हातानेच. आणि अडला तर आधी उलटं फिरवून बघा. ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट, सायकलचं डावं पेडल, वेल्डिंगच्या ॲसिटिलीन सिलिंडरचा जोड, हे सगळे उलट्या आट्यांचे.

माझ्या ॲमीटरचं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. मी तो एका जुन्या टर्नरकाकांकडे घेऊन गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल, आणि भिंतीवर देवांचे फोटो. त्यांनी माझा ५ चा स्क्रू बाजूला ठेवला, दुसऱ्या टर्मिनलचा स्क्रू काढला, डोळ्यासमोर धरून खिडकीकडे फिरवला आणि म्हणाले, “बीए आहे. दोन नंबर.” मोजलंही नाही. मग एक लाकडी डबी काढली. त्यात तेलकट कागदात गुंडाळलेले टॅप होते. त्यांनी बिघडलेलं भोक मोठं केलं, त्यात पितळेचा बुश ठोकला आणि बुशला २ बीएचे आटे पाडले. तासाभराचं काम.

“काका, पूर्वीसारखं झालं का?”

“काम देईल,” ते म्हणाले. “पण मूळ आटा आता त्या दुसऱ्या टर्मिनललाच राहिला. त्याला हात लावू नकोस.”

तुमच्या घरात असा एखादा स्क्रू असेल तर पट्टीला टेकवून फोटो काढा आणि पाठवा. कुठल्या वस्तूचा आहे तेही लिहा, नुसता फोटो नको. भेटू पुढच्या भागात.